पाच रिकामी घरं

त्रिशलाचं बोलणं बिघडलं त्या सोमवारी अभिनंदन मगदूम बेंगळुरूला होता. कंपनीनं आठ दिवसांच्या कामासाठी पाठवलं होतं. दुपारी तो कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसतोय न बसतोय तोच इचलकरंजीहून त्याच्या मेहुणीचा, चंदनाअक्काचा फोन आला. तो बाहेरगावी असला की अक्का घरी येऊन धाकट्या बहिणीजवळ, त्रिशलाजवळ राहायची.

"अभिनंदनराव, हिच्या पाटीवर आज काहीतरी भलतंच येतंय."

"भलतंच म्हणजे?"

"मराठी नाहीच ते. इंग्रजीतला ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. मग चार पायांचं एक गोल चिन्ह. परत ए, परत रेघ. ओळीच्या ओळी चालल्यात. मला तर धडधडायला लागलंय."

"सिग्नल बिघडला असेल अक्का. हॉस्पिटलला कळवा. मी मंगळवारी येतोच आहे."

एवढं बोलून तो जेवायला लागला.

बावीस वर्षं अभिनंदन हेच काम करत होता. नगरपालिका, पतपेढ्या, दवाखाने, जिथं जिथं संकेतस्थळावर मराठी मजकुराची वाट लागायची तिथं त्याला बोलावणं यायचं. रेघवाला ए आणि गोल चिन्ह यांची जोडी म्हणजे काय, हे तो झोपेतही सांगू शकला असता. "अक्का, फोटो पाठवा," एवढंच म्हणायचं होतं. ते का म्हटलं नाही, याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. पण ते स्वतःशी कबूल करायला त्याला पुढे एकाहत्तर दिवस लागले.

त्रिशला मराठी टायपिंगचा क्लास चालवायची. घराच्या पुढच्या खोलीत बारा संगणक होते, आणि भिंतीला लागून दोन जुने मराठी टाइपरायटर. त्यांच्यावर शिकायला आता कुणी येत नसे, तरी ती दर शनिवारी त्यांना तेल घालायची. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या कितीतरी तुकड्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी, तिच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, उजव्या हाताची अनामिका कळीवरून घसरायला लागली. मग मनगट गेलं, मग पाय. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जाण्याचा तो आजार होता. वर्षभरात जीभ जड झाली. शेवटी पापण्यासुद्धा तिचं ऐकेनाशा झाल्या. श्वास यंत्रावर गेला. आत मात्र ती सबंधच्या सबंध होती.

तिला बाहेर आणलं पाटीनं. माणूस बोलतो तेव्हा मेंदू आधी ओठ, जीभ, घसा यांना हुकूम सोडतो. स्नायू मेले तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. त्रिशलाच्या कवटीखाली, मेंदूच्या नेमक्या त्या भागावर, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली होती. ती हे हुकूम टिपायची. एक यंत्र त्यांचे उच्चार ओळखून त्यांची मराठी वाक्यं जुळवायचं, आणि ती वाक्यं एका वेबपानावर उमटायची. पान उशाशी लावलेल्या पडद्यावर दिसायचं, आणि ज्यांना परवानगी असेल त्यांच्या फोनवरही. घरात सगळे त्या पडद्याला पाटीच म्हणायचे. अशा जाळ्या आता जिल्ह्याच्या गावीही बसायला लागल्या होत्या.

पाटी आल्यावर त्रिशला पहिलं वाक्य बोलली होती ते असं: "अभी, दाढी कर. कसला दिसतोयस."

दोन वर्षं त्यांचा संसार त्या पाटीवर चालला. ती भाजीत मीठ किती घालायचं ते सांगायची, अक्काशी भांडायची, क्लासच्या मुलींच्या चुका काढायची. पण फक्त बोलणंच शिल्लक राहिलं की माणूस कुठलाच प्रश्न टाळत नाही. अभिनंदन बेंगळुरूला निघाला त्या सकाळी तिनं विचारलं होतं,

"शेवटपर्यंत घरीच ठेवशील ना मला?"

दोन वर्षांची जागरणं, नळ्या, सक्शनचं यंत्र, मधूनच जाणारी वीज. तो पार मोडून आला होता. म्हणाला, "बघू."

पाटीवर लगेच उमटलं, "बघू म्हणजे नाही."

तो बॅग उचलून निघाला. म्हणून दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला तेव्हा, भीतीच्याही आधी, त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं होतं. आता काही दिवस तरी त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार नव्हतं.

तो परतला तोवर निकाल लागून गेला होता. डॉ. उपाध्ये सज्जन आणि कामात बुडालेले. त्यांनी टेबलावरचा संगणक त्याच्याकडे वळवला. त्यावर आलेख होता.

"याला भाषाभान निर्देशांक म्हणतात. रुग्णाच्या वाक्यांत अर्थ असलेले शब्द किती, हे यंत्र रोज मोजतं. वहिनींचा चौऱ्याण्णव असायचा. मागच्या सोमवारपासून दोन."

आलेखाची रेघ कड्यावरून दगड पडावा तशी खाली आली होती.

"एका दिवसात असं होतं?"

"सहसा नाही होत. पण या आजारात काहींच्या मेंदूचा पुढचा भागही झिजतो. भाषा विस्कटते, माणूस आपल्यातून जातो. जाळीवर वण धरला असेल म्हणून सिग्नलही तपासला. तो उत्तम आहे. म्हणजे..." डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवलं.

सात दिवस निर्देशांक दहाच्या खाली राहिला की पाटी आपोआप मजकूर झाकायची. अर्थहीन बडबड पाहून नातेवाइकांच्या जिवाला घोर लागतो, म्हणून ती सोय होती. अभिनंदन घरी आला तेव्हा पडद्यावर निळं आकाश आणि त्याखाली एक ओळ होती: 'रुग्ण विश्रांती घेत आहे.' कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक बटण होतं, 'मूळ मजकूर दाखवा'. त्यानं ते पाहिलं, पण दाबलं नाही. विस्कटलेली त्रिशला त्याला बघायची नव्हती, असं त्यानं अक्काला सांगितलं. अक्कालाही ते पटलं.

त्यानंतर माणसं त्रिशलाच्या खोलीत तशीच वावरू लागली, जशी रिकाम्या खोलीत वावरतात. तिच्या उशाशी उभं राहूनच अभिनंदननं मिरजेच्या शुश्रूषा केंद्राशी बोलणी केली. क्लास बंद करायचं ठरवलं. संगणक एका शाळेनं नेले. टाइपरायटर शाळेला नको होते. भंगारवाल्याला त्यानं तिच्याच खोलीतून फोन केला, कारण घरात रेंज तिथंच चांगली यायची.

मार्चच्या सुरुवातीला त्रिशला मिरजेला गेली. खोली स्वच्छ होती, खिडकीबाहेर पेरूचं झाड होतं. रेश्मा नदाफ नावाची तिथली परिचारिका तिचं सगळं करायची. ही बाई कामं करता करता त्रिशलाशी अखंड बोलायची. आज अंडी कशी महागली, सासू काय म्हणाली, पोरीला गणितात किती पडले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अभिनंदन म्हणाला होता, "तिला कळत नाही आता काही."

"असू दे की साहेब," रेश्मा म्हणाली. "माझं तोंड काही दुखत नाही."

पंधरा एप्रिलला तो पाटी परत करायला मिरजेला आला. वापर नसलेली यंत्रणा कंपनी काढून नेणार होती. जाळी आतच राहणार होती, बाकीचं सगळं जाणार होतं. त्याची फक्त सही हवी होती. अर्जासोबत शेवटच्या नोंदींची छापील प्रत जोडायचा नियम होता. रेश्मानं ऑफिसातून कागद काढून आणला आणि त्याच्या हातात दिला.

"हे बघा साहेब, मशीन काय काय छापतंय."

कागदावर वरपासून खालपर्यंत रेघवाले ए होते. मधे एका ओळीत एवढंच होतं: à¤¨à¤•à¥‹.

अभिनंदननं तो शब्द एकदा वाचला. त्याचे ओठ हलले. मग तो खुर्ची ओढून बसला आणि बोटानं एकेक चिन्ह मोजू लागला.

"काय झालं साहेब? पाणी आणू?"

"हे मराठी आहे," तो म्हणाला. "रेश्माताई, हे मराठी आहे. इथं 'नको' लिहिलंय."

संगणकाला अक्षरं ठाऊक नसतात, फक्त आकडे. इंग्रजी अक्षर एका आकड्यात मावतं. देवनागरी अक्षराला तीन लागतात, तीन डब्यांच्या गाडीसारखे. वाचणाऱ्याला माहीत हवं की तीन डबे मिळून एक अक्षर आहे. ते ठाऊक नसलं आणि जुना पाश्चात्त्य तक्ता हातात धरून तो प्रत्येक डबा सुटा वाचू लागला, तर एका 'न'ची तीन परकी चिन्हं होतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला डबा एकच असतो, आणि त्या तक्त्यात त्या जागी रेघवाला ए आहे. म्हणून पानभर तोच दिसतो. मजकूर मेलेला नसतो. चुकीचा चष्मा लावून वाचलेला असतो, एवढंच.

त्रिशलाचा मेंदू, जाळी, उच्चार ओळखणारं यंत्र, सगळं धड होतं. बिघाड अगदी शेवटच्या पायरीवर होता, वाक्य पानावर छापायच्या जागी. आणि निर्देशांक मोजणारं यंत्र तेच छापलेलं पान वाचत होतं. त्यात मराठी शब्द सापडेनात, तेव्हा त्यानं त्रिशलाचं डोकं गेलं असं लिहून टाकलं. डॉक्टरांनी आलेख पाहिला. अभिनंदननं डॉक्टरांचं तोंड पाहिलं. पान दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

त्यानं कंपनीला फोन लावला. तीन वेळा यंत्रानंच उत्तर दिलं. चौथ्यांदा मेघना नावाची इंजिनिअर मिळाली. त्यानं कागदाचा फोटो पाठवला. पलीकडून कळा बडवल्याचा आवाज येत राहिला.

"सर, तीन फेब्रुवारीला आम्ही जुन्या जाळ्यांचा सर्व्हर बदलला," ती अखेर म्हणाली. "मधल्या एका रूपांतराला लिपीचा प्रकार सांगायचा राहिला. तो आपल्या मनानं जुना तक्ता धरून बसला. ते मॉडेल वापरणारे बाकीचे बहुतेक लोक इंग्रजीत बोलतात. त्यांचं काहीच बिघडलं नाही, म्हणून..."

"दुरुस्त करा."

"करते सर. एक ओळ आहे."

चाळीस मिनिटं लागली. निळं आकाश गेलं, पांढरं पान आलं. मेघनानं तिकडून चाचणीचं वाक्य पाठवलं: 'नमस्कार, ही चाचणी आहे.' जोडाक्षरांसकट लख्ख उमटलं. अभिनंदन पलंगाशी वाकला. त्रिशलाचे डोळे अर्धवट उघडे होते, छताकडे लागलेले. रेश्मा दर तासाला त्यांत थेंब घालायची.

"त्रिशला, सापडलं गं. लिपीचा घोळ होता. तू बोलत होतीस ते सगळं... आता दिसतंय. बोल."

पान कोरंच राहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यानं पुन्हा फोन लावला. "मेघना, अजून काहीतरी चुकतंय. काहीच येत नाहीये."

"मी इथून बघतेय सर. जाळी चालू आहे. त्या जाग्या आहेत, तुमचा आवाज त्यांना ऐकू येतोय, तेही इथे दिसतंय." ती अडखळली. "पण बोलायचा हुकूम सुटत नाहीये. लाइन मोकळी आहे सर. त्या बोलत नाहीयेत."

एकाहत्तर दिवसांच्या साऱ्या नोंदी त्यानं मागवून घेतल्या आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडला. बिघाड जसा झाला होता तसाच तो उलटा चालवायचा होता. चिन्हांचे पुन्हा आकडे करायचे, आकडे तीन-तीनच्या गटांत बांधायचे. असं त्यानं शेकडो वेळा केलं होतं, पाणीपट्टीच्या बिलांसाठी, मतदार याद्यांसाठी.

पण त्या जुन्या तक्त्यात दोनशे छप्पन्न घरांपैकी पाच घरं रिकामी आहेत. तिथं कुठलंच चिन्ह नाही. जो आकडा त्या घरात पडला तो छापतानाच गळाला, तो कशानंही परत येत नाही. देवनागरीतली मोजकीच अक्षरं त्या घरांत पडतात: पहिला उकार, अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर बांधणारा हलन्त, ए, ऐ, झ, आणि अशीच एकदोन. त्यांच्या जागी पडद्यावर चौकोन उरले.

पहिली नोंद तीन फेब्रुवारीची, सकाळची.

'अक□का, हे काय येतंय?'

मग लगेच:

'अभीला फोटो पाठव. त□याला कळेल.'

अभिनंदननं लॅपटॉपवरून हात काढला आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. सहाही चित्रं पाहून झाल्यावर त्यानं खाली पाहिलं.

अकरा फेब्रुवारी, तो परत आला तो दिवस: 'आलास? स□क□रीन बघ. अभी, स□क□रीन बघ.' त्याखाली पानभर एकच शब्द होता. '□क. □क. □क.' एक, एक, एक असं त्यानं वाचलं. ती काय मोजत असेल ते त्याला कळेना. त्यानं संगणकाला मोजायला लावलं. एकाहत्तर दिवसांत हा शब्द चारशे बारा वेळा आला होता. मग एका ठिकाणी त्याच्यापुढे 'ना' होतं. '□क ना रे.'

ती मोजत नव्हती. ऐक म्हणत होती.

वीस फेब्रुवारी, अकरा वाजून वीस मिनिटं. याच वेळी त्यानं तिच्या उशाशी उभं राहून भंगारवाल्याला फोन केला होता. 'नको. मा□ी मशीनं देऊ नको. नको. नको.'

तीन मार्च, रुग्णवाहिकेत. 'घरी ने. मला घरी ने.'

या ओळीत एकही चौकोन नव्हता. आणि त्याच्या दोन दिवस आधीची, डॉक्टर आणि तो तिच्याबद्दल बोलत असतानाची एक ओळ होती, तिच्यातही नव्हता. त्या पाच घरांतलं एकसुद्धा अक्षर तिला लागलं नव्हतं. ती जशी बोलली होती तशीच्या तशी परत आली:

'मला सगळं कळतंय.'

मार्चअखेर नोंदी आखूड होत गेल्या. 'ऊन.' 'पोपट आला.' त्याचं नाव येईनासं झालं. अगदी शेवटची नोंद सहा एप्रिलची होती. 'रेश□मा, तू बोलत जा. मी □कतेय.' त्यानंतर नऊ दिवस काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी चहा करत असताना रेश्माचा फोन आला.

"साहेब, ताई बोलल्या."

"काय? काय म्हणाली?"

"उशी खाली सरकलीय म्हणाल्या. मग म्हणाल्या, पोरीला गणिताची शिकवणी लावू नकोस, तिला बेरीज येते, घाई नडतेय. मी एवढी बोलत हुते साहेब, सगळं ऐकलंय त्यांनी!"

तो तसाच निघाला. मिरजेला पोचला तेव्हा अक्काही तिथं होती, पलंगाशी बसून रडत होती, आणि पाटीवर लिहिलेलं होतं: 'पुरे आता अक्का. नाक पूस.' अभिनंदन दारातून आत आला.

"त्रिशला."

पाटी थांबली.

अक्का म्हणाली, "अगं, अभिनंदनराव आलेत." काही उमटलं नाही. तो अर्धा तास बसला. अक्का बाहेर गेली, रेश्मा थेंब घालून गेली. पान तसंच होतं. तो उठून पेरूच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि फोनवर पान उघडलं, तर ती आत परत आलेल्या रेश्माला सांगत होती, 'थेंब थंड होते आज.'

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्यानं नोंदी छापून नेल्या. चौकोन त्यानं पेननं भरले होते. पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागला.

"तीन फेब्रुवारी. 'अभीला फोटो पाठव, त्याला कळेल.' मला कळलं असतं त्रिशला. मी फोटो मागितला नाही. अकरा फेब्रुवारी. 'आलास? स्क्रीन बघ.' बटण होतं. मी दाबलं नाही. तू म्हणाली होतीस ना, बघू म्हणजे नाही. ते बरोबर होतं. तू गप्प झालीस तेव्हा मला... मला बरं वाटलं होतं. 'ऐक.' ऐकतोय. 'ऐक.' ऐकतोय गं. 'ऐक...'"

"बास."

हे पाटीवर आलं होतं. त्यानं कागद खाली केले.

'ते सगळं मी सांगितलं होतं. तेव्हा.'

"हो."

'आता मला वाचून दाखवू नकोस. मला पाठ आहे.'

"घरी चल त्रिशला. आजच नेतो. रेश्माताईंना विचारतो, तिकडे येतील का. मी नोकरी सोडतो."

अक्षरं उमटली, नेहमीपेक्षा हळू.

'कुठल्या घरी? माझी खोली तू आवरून टाकलीस. मी इथं बरी आहे.'

"माझं चुकलं."

'हो. मशीननं चूक केली ती एका ओळीची होती. तुझी मोठी आहे.' मग पुढच्या ओळीत, 'मी रागावलेली नाही अभी. रागवायचे दिवस संपले. पण माझ्याकडं आता थोडंच बोलणं शिल्लक आहे. ते मला जपून वापरायचंय.'

त्यानं हातातल्या कागदांची घडी घातली.

'एक काम कर. हे पान तुझ्या फोनवर दिसतं ना? ते काढ. मी अक्काशी बोलते, रेश्माशी बोलते. ते तू बाहेरून वाचू नयेस असं मला वाटतं.'

हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पान चालवायचे अधिकार त्याच्याच नावावर होते. त्यानं खिशातून फोन काढला. वाचकांच्या यादीत तीन नावं होती. अधिकार अक्काच्या नावावर केले, मग स्वतःच्या नावापुढचं चिन्ह दाबलं. फोननं विचारलं, 'नक्की काढायचं?' त्यानं 'हो' म्हटलं. पान मिटलं. उशाशी उभी असलेली पाटी अजून दिसत होती, म्हणून तो तिच्याकडं न बघता उठला आणि दार हलकेच ओढून बाहेर आला.

मे महिन्यात मेघनाचा फोन आला. कंपनीनं सगळ्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. हुबळीचे एक निवृत्त स्टेशनमास्तर कन्नडमध्ये बोलायचे. त्यांचाही निर्देशांक त्याच सोमवारी कोसळला होता. ते मार्चमध्ये गेले. "त्यांच्या मुलाला नोंदी द्यायच्या की नाही ते ठरत नाहीये सर. तुम्ही काय सांगाल?"

अभिनंदननं पुष्कळ विचार केला. "द्या," तो म्हणाला. "पण आधी चौकोन भरून देऊ नका. ते त्याला स्वतः भरू दे."

डॉ. उपाध्ये आता आलेख दाखवण्याआधी मूळ मजकूर उघडतात, आणि तसा नियम व्हावा म्हणून अभिनंदननं लिहिलेल्या पत्राखाली पहिली सही त्यांचीच आहे.

तो दर रविवारी मिरजेला जातो. आत जात नाही. बोलावलं तर जायचं, असं त्यानं ठरवलंय. व्हरांड्यातल्या बाकावर सकाळी दहाला बसतो, एकला उठतो. आतून रेश्माचा आवाज येत राहतो. तिचं बोलणं मधेच थांबतं, म्हणजे पाटीवर काहीतरी येत असणार. मग रेश्मा हसते, किंवा "व्हय की ताई" म्हणते, आणि पुन्हा सुरू होते. त्यावरून त्रिशला काय म्हणाली असेल ते ओळखायचा तो प्रयत्न करतो. बहुतेक वेळा जमत नाही.

मेच्या तिसऱ्या रविवारी उकाडा भयंकर होता. बाराच्या सुमाराला दार उघडून रेश्मा बाहेर आली. तो चटकन उभा राहिला.

"ताई विचारत हुत्या," ती म्हणाली, "बाहेर बाकावर कोण बसतं म्हणून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, साहेब बसत्यात. दर रविवारी."

"मग?"

"मग काही नाही." रेश्मा भिंतीपाशी गेली आणि तिनं व्हरांड्यातलं एक बटण दाबलं. "म्हणाल्या, त्याच्या डोक्यावरचा पंखा लाव."